कंधारच्या वाटेवरचं हळदीकुंकू

मी लातुरात मुलींची खानावळ चालवते. शिकवणीसाठी उदगीर, मुखेड, बिलोलीकडून आलेल्या मुली माझ्याकडे जेवतात. पहाटे उठणं मला नवीन नाही. पहाटे उठून स्वयंपाक न करता गाडीत नुसतं बसून राहणं, हे मात्र मी कधी केलं नव्हतं. म्हणून भाचीनं कंधारचा किल्ला बघायला चल म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. दुपारच्या जेवणाला बदली बाई लावली आणि रात्रीच्या भाकरी मी येऊन करते असं मुलींना सांगितलं.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. इतिहासात एम.ए. झाली आणि बायकांना जुनी ठिकाणं दाखवायला न्यायचं तिनं मनात घेतलं. दाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, हे खूळ वाटत होतं. त्यांनी ओळखीच्या पतसंस्थेत तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. घरात बरेच दिवस वाद चालला, आणि शेवटी त्यांनी माझ्यासमोरच तिला सांगून टाकलं.

"एक सहल करून दाखव. बायका खूश होऊन वेळेवर घरी आल्या तर पुढचं बघू. न्हाई तर एक तारखेपासून पतसंस्थेत बसायचं. मग कुरकुर चालणार न्हाई."

"चालेल," भाची म्हणाली.

"आन् मी सोबत येणार."

"या की. तिकीट काढावं लागेल."

काळोखातच आम्ही निघालो. छोटी बस होती. सगळ्या बायका, पुरुष दोनच, ड्रायव्हर आणि दाजी. दाजी मफलर गुंडाळून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले होते, परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबासारखे. चाकूरपर्यंत निम्म्या बायका पेंगत होत्या. मग भाची उभी राहिली आणि इतक्या पहाटे का निघालो ते तिनं सांगितलं.

किल्ल्याच्या एका भिंतीत जुन्या देवळाचे दगड बसवलेले आहेत. त्यांच्यावरची कोरीव चित्रं इतकी झिजलीत की दिवसा पाहिलं तर दगड साधाच वाटतो. पण सूर्य उगवतो तेव्हा थोडा वेळ ऊन त्या भिंतीला चाटून जातं. कोरलेल्या रेषांत सावली भरते आणि चित्र उठून दिसतं. ऊन समोरून पडायला लागलं की गेलं.

"तेवढ्यासाठी आपण निघालोय," ती म्हणाली. "बाकी किल्ला दिवसभर आहेच."

मला हे आवडलं. ठरावीक वेळेलाच दिसणारी गोष्ट मी खानावळीत रोज बघते, भाकरी फुगते ती. पण दगडाचंही असं असतं हे माहीत नव्हतं. आता कधी पोचतो असं मला झालं.

अहमदपूर मागं पडलं आणि लोह्याच्या बाजूला थोडं गेलो असू, तोच रस्त्याच्या मधोमध एक माणूस हात आडवे करून उभा दिसला. शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली बाई, हातात ताट. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

"आगं बाई, आला की माझा भाऊ!" मागच्या सीटवरच्या बाई ओरडल्या. या बाई आमच्याच गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला खणखणीत. "मी फोन केला होता, या रस्त्यानं चाललोय म्हणून. थांबव म्हटलं नव्हतं बरं का."

तो भाऊ दारात आला. "ताई, दारावरून चाललीस व्हय? उतरा समदे. चहा टाकलाय."

भाची खाली उतरली. "मामा, उजाडायच्या आत कंधार गाठायचंय. परत येताना नक्की थांबतो."

"कंधार कुठं पळून चाललंय का? चारशे पाचशे वर्षं हाय तिथंच हाय. धा मिनटं."

मी तेव्हाच ओळखलं, हे दहा मिनिटांचं काम नाही. संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि रथसप्तमी लांब होती. या दिवसांत आमच्याकडे गाडीभर सवाष्णी कुणाच्या दारात आल्या, तर हळदीकुंकू आणि वाण घेतल्याशिवाय त्या परत फिरत नाहीत, आणि घरची बाई फिरू देत नाही. नको म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. भाचीनं रस्ते, अंतरं, किल्ल्याच्या पहारेकऱ्याची वेळ, सगळं विचारून ठेवलं होतं. बायकांची सहल कोणत्या महिन्यात काढतोय एवढंच तिनं बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं, आणि मला तर कळायला हवं होतं.

बायका आत गेल्या. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हळदीकुंकवाच्या वेळी मी आपली बाहेरच थांबते. घरची बाई माझ्या कपाळाकडे बघून घोटाळली, तेव्हा मीच तिला म्हटलं, "तिळगूळ द्या आणि चहा द्या, माझं भागलं." अंगणात बैलगाडी सोडलेली होती. तिच्या जुवावर मी आणि दाजी बशीत चहा ओतून बसलो. समोर तुरीचं रान होतं. त्याच्यामागं आभाळ आधी राखाडी, मग तांबूस झालं.

आतून हसण्याचे आवाज येत होते. सुशीलाची फोडणी बसली, मोहरी आणि मिरचीचा वास आला. मुरमुरे भिजवून केलेला सुशीला आमच्याकडे पाव्हण्यांना लगेच होतो म्हणून करतात, पण इतक्या जणींचा लगेच होत नाही.

"बघा," दाजी मला म्हणाले. "तुमची भाची गायडगिरी करायली."

"तुमचीच मुलगी आहे ती."

"म्हणून तर म्हणतो, पतसंस्था बरी."

पण त्यांनी चहा मात्र दुसऱ्यांदा मागितला.

भाची दोनदा आत जाऊन आली. दुसऱ्या खेपेला तिच्या कपाळाला मोठं कुंकू आणि हातात प्लास्टिकची चाळणी होती, वाण म्हणून मिळालेली. तुरीवर ऊन आलं तेव्हा ती गाडीच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती. त्यानंतरही ओट्या भरायच्या राहिल्या होत्या.

कंधारला पोचलो तेव्हा शाळेची मुलं दप्तरं घेऊन रस्त्यानं निघाली होती. ऊन चांगलंच वर आलं होतं. खंदकात पाणी होतं, हिरवट आणि स्थिर, आणि एवढा मोठा किल्ला सपाट जमिनीवर कसा सांभाळत असतील हा माझा प्रश्न ते पाणी बघून निम्मा सुटला. पहारेकरी वाट बघून कंटाळला होता. "मॅडम, तुम्ही तर उजाडायला येणार व्हता," एवढंच तो म्हणाला.

भाचीनं आम्हाला सरळ त्या भिंतीकडे नेलं. "इथं एक बाई कोरलेली आहे. हातात आरसा आहे. ही बघा, ही मान, हा खांदा."

आम्ही बघितलं. मला दगड दिसला. बाजूच्या बाईंनाही दगडच दिसला, पण त्या सभ्यपणे "हो का" म्हणाल्या. दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दगड हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "दगड बघायला पहाटं उठविलं व्हय?"

एकदोघी हसल्या. ज्यांच्या भावाकडे आम्ही थांबलो होतो त्या बाई हसल्या नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. भाचीचे कान लाल झाले होते. मला वाटलं ही आता रडणार किंवा भांडणार. तिनं दोन्ही केलं नाही.

"उशीर झाला, ऊन समोरून पडायला लागलं," ती म्हणाली. "म्हणजे ऊन बंद करायला पाहिजे. मावशी, जेवायला बसायची सतरंजी गाडीत आहे ना? ती आणा."

"नवी आहे ती," मी म्हणाले, पण आणली.

मग तिनं सगळ्यांना कामाला लावलं. सतरंजी भिंतीवरून खाली उतरत्या छपरासारखी धरायची होती. खालची टोकं बायकांनी धरली. वरच्या टोकांना उंच माणूस पाहिजे होता, आणि आमच्यात उंच दाजीच होते.

"अप्पा, त्या दगडावर चढा आणि हात वर करा."

"मी?"

"मग काय मावशी चढतील?"

दाजी चढले. हात वर करून, तोंड भिंतीकडे करून, सतरंजी धरून उभे राहिले. आत चांगला अंधार झाला. भाची वाकून आत शिरली आणि मोबाईलची टॉर्च तिनं भिंतीला अगदी टेकवून आडवी धरली. "आता दोघी दोघी या."

माझी पाळी तिसरी होती. आत गुदमरायला होत होतं, सतरंजीला नव्या सुताचा वास येत होता. आधी काहीच दिसेना. भाचीनं हात थोडा सरकवला आणि दगडातून एक खांदा वर आला. मग दंड, मग कंबर एका बाजूला काढून उभी असलेली बाई. नाक झिजून गेलेलं, पण गळ्यातल्या माळेचे मणी वेगवेगळे दिसत होते. हातातली वस्तू गोल होती. आरसा असेल. मला ते झाकणीसारखं वाटलं, आणि मी तसं म्हणाले.

"असेलही," भाची म्हणाली. "आरसा हा माझा अंदाज आहे."

बाहेर यावर जुंपली. एक म्हणे आरसाच, एवढी नटलेली बाई झाकणी कशाला धरेल. दुसरी म्हणे फळ आहे. निवृत्त बाई दोनदा आत जाऊन आल्या आणि फळाच्या बाजूनं झाल्या. हे सगळं होईपर्यंत दाजी हात वर करून उभेच.

"अरे, मला कुणी दाखवणार हाय का न्हाई?"

मग दोघींनी सतरंजी धरली आणि दाजी आत वाकले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा गुडघे झटकत म्हणाले, "कमरपट्टा हाय तिला." आणि परत एकदा आत गेले.

पुढं आम्ही अंबारखाना पाहिला. पूर्वी इथं धान्य भरत. मी तिथं सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण मला वर्षाची ज्वारी किडीपासून राखायला दरवर्षी झुंजावं लागतं. वारा कुठून यायचा, ओल कशी रोखायची, उंदरांचं काय करायचे, मी विचारत राहिले. भाचीला निम्म्याची उत्तरं येत होती. निम्म्यांना ती सरळ "माहीत नाही, शोधते" म्हणाली. कंधारात सापडलेल्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडेही पाहिले. नुसतं पाऊल मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. अख्खी मूर्ती उभी असेल तेव्हा तिच्या पायाशी उभ्या माणसाला तिचं तोंड दिसत तरी असेल का, हे मला अजून कळलेलं नाही.

जेवणं झाली, परत निघालो. सगळ्यांना सातच्या आत घरी सोडायचं भाचीनं कबूल केलं होतं. सकाळचा उशीर दुपारच्या विश्रांतीतून कापून तिनं गाडी वेळेवर काढली होती. बायका खुशीत होत्या, फळ का आरसा अजून चाललं होतं. दाजीही मागं वळून बोलत होते. मला वाटलं, निभावलं.

अहमदपूर जवळ आलं तसे दाजी सावरून बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "पुढं डावीकडं घे जरा. माझी बहीण ऱ्हाती इथं."

ड्रायव्हरनं वेग कमी केला, इंडिकेटर लावला.

"अप्पा, गाडी आत जाणार नाही," मागून भाची म्हणाली.

"पाच मिनटं फक्त."

"सकाळी दहा होती."

"आगं, तुझी सख्खी आत्या हाय ती! दारावरून गेलो म्हणून कळलं तर जन्मभर बोलून दाखवंल."

"मी तिला आत्ता फोन करते. रविवारी आपण दोघं मुद्दाम येऊ. पण या सगळ्यांना मी सातची वेळ दिलीय."

ज्यांच्या भावाकडे सकाळी थांबलो होतो त्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. ड्रायव्हरनं दाजींकडे बघितलं, मग आरशातून मागं भाचीकडे. इंडिकेटर टकटक वाजत होता.

"काय करू?"

मी बोलणार होते. दाजींना म्हणणार होते की पोरीचं ऐका, किंवा पोरीला म्हणणार होते की जाऊ दे, बापाचा मान ठेव. दोन्ही तोंडाशी आलं आणि दोन्ही गिळलं. कारण तिला आज जे दाखवायचं होतं ते मी बोलून दाखवता येण्यासारखं नव्हतं.

"सरळ," भाची म्हणाली.

ड्रायव्हरनं इंडिकेटर बंद केला. डावीकडचा रस्ता मागं गेला. दाजींनी मफलर काढला, घडी केली, परत गुंडाळला आणि लातूर येईपर्यंत समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. उतरताना माझ्याकडेही बघितलं नाही. मी घरी येऊन भाकरी थापायला बसले. मुली वेळेवर जेवल्या.

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. भाचीनं फोन करून सांगितलं होतं, तरी बहिणीच्या नणंदेचा राग गेला नव्हता. तिनं भावाला फोनवर धारेवर धरलं, माझ्या गल्लीवरून गाडी घेऊन गेलास आणि डोकावलाही नाहीस म्हणून.

"मग दाजी काय म्हणाले?" मी विचारलं. मला खरंच उत्सुकता होती.

"आधी ऐकून घेतलं. मग म्हणाले, गाडी माझी न्हवती, पोरीची व्हती. तिनं थांबविली न्हाई."

"चिडून म्हणाले?"

बहिणीनं जरा विचार केला. "चिडूनच. पण मग तिला त्या कमरपट्ट्याचं सांगत बसले."

पतसंस्थेतल्या माणसाला त्यांनी जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून स्वतःच कळवलं. मुलीला ते सांगितलं नाही, तिला आईकडून कळलं. एक तारखेला भाची देगलूरच्या बसनं, पुढच्या सहलीसाठी होट्टलची देवळं आधी एकटी बघून यायला गेली.