कलमकाका आणि हरलेला न्यायाधीश

करारखात्यात त्यांना सगळे कलमकाका म्हणत. वीस वर्षं त्यांनी कायद्याच्या एकाच जाडजूड पुस्तकावर नोकरी केली. काहीही विचारा, काका अंगठ्याला थुंकी लावणार, पान उलटणार आणि कलमाचा आकडा सांगणार. घरात दूध उतू गेलं तरी बायको म्हणायची, "बघा बरं, कितव्या कलमात बसतंय!"

पण कंपनीला परदेशी गिऱ्हाईक मिळालं, आणि तिकडं कायदा म्हणे जुन्या खटल्यांच्या निकालांवर चालतो. फर्मान निघालं: सहा आठवड्यांचा वर्ग करा, परीक्षा पास व्हा, नाहीतर टेबल सोडून तळघरातल्या फायली सांभाळा.

पहिल्याच दिवशी काकांनी शिकवणाऱ्या बाईंना गाठलं. "मूळ पुस्तक कुठाय?"

"पुस्तक नाही. निकाल वाचायचे."

पुस्तक नाही म्हणे! काकांच्या मनात पाल चुकचुकली: बाईंनी ते लपवलं असणार. बाईंच्या फुगलेल्या पिशवीवर ते डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागले. एकदा ती धप्पकन खाली पडली, काका धावले, तर आतून जेवणाचा डबा निघाला. तरी संशय काही गेला नाही.

परीक्षेला तीन न्यायाधीशांचा एक निकाल आला. काकांनी पाहिलेलं कोर्ट नेहमी एका तोंडानं बोलायचं. तेव्हा सगळ्यात शेवटी लिहिलंय तोच निर्णय, असं धरून त्यांनी तिसऱ्याचं म्हणणं सुंदर अक्षरात उतरवलं. नापास! तिसरा बाकी दोघांच्या विरोधात होता. दोन विरुद्ध एक, हरला होता बिचारा.

"हरलेल्याचं छापतात कशाला? सापळा आहे हा!" काका घरी करवादले.

बायको चष्मा पुसत म्हणाली, "आपली थोरली रात्री घरी उशिरा आली तेव्हा माफ केलंत, म्हणून धाकटीलाही करावं लागलं. ते कुठल्या कलमानं हो?"

सकाळी काका बाईंसमोर हजर. "ऐकलंय, मागच्या वर्षी एका मुलीचा पेपर तुम्ही पुन्हा घेतलात. माझाही घ्या."

"तिला ताप होता. तुम्हाला होता?"

झालं! काकांच्या डोळ्यांसमोर तळघर आलं. मग ते चाचरत म्हणाले, "ताप नव्हता. पण तिला तापानं धड वाचता आलं नाही, मला वीस वर्षांच्या सवयीनं. वाचता न येणं दोघांचं सारखंच की!"

बाईंनी कोरा पेपर पुढं सरकवला. "बसा."

काका बसेनात. "आणि उद्या फिरलात तर? लेखी द्या."

"लेखी कशाला? पुढच्या वर्षी कुणी असाच घोटाळा केला, की तो तुमचाच दाखला देईल. मला ऐकावंच लागेल."

काकांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे माझी चूक दरवर्षी वाचली जाणार?"

"दरवर्षी."

काकांनी सुस्कारा सोडला आणि पेन उघडलं. पहिली ओळ लिहिण्याआधी त्यांनी न्यायाधीशांची डोकी मोजली, कोण कुणाच्या बाजूनं ते पाहिलं, आणि पुन्हा एकदा मोजली.