तबकडीतला खालचा सूर

सत्तरच्या दशकात मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत गणित शिकवत होते. आमच्या संगीताच्या बाईंकडे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या होत्या. चार जण वेगवेगळ्या सुरांत एकदम गायचे आणि त्याचं एकच गाणं व्हायचं. बाईंनी तसलं एक गाणं स्नेहसंमेलनासाठी आम्हा चौघांत बसवलं. त्या स्वतः, मी, ग्रंथपाल आणि शाळेच्या बसचे ड्रायव्हर. ड्रायव्हर रहिमतपूरचे, लष्करातून निवृत्त झालेले. इंग्रजी शब्द त्यांनी देवनागरीत लिहून पाठ केले होते. सगळ्यात खालचा सूर त्यांचा.

स्नेहसंमेलनाला आठवडा उरला असताना ते हृदयविकारानं गेले. आम्ही गाणं रद्दच करणार होतो, पण त्यांच्या पत्नीनं निरोप धाडला, "तुमी म्हणा. त्यांनी लय मन लावलं हुतं."

आम्ही तिघं गायलो. गाणं पोकळ वाटलं. नंतर गाणं ऐकायला आलेल्या त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "आवं बाई, ह्यात त्यांचा आवाज कुठला असता?"

बाईंनी तबकडी लावली. खालचा सूर आला की मी ड्रायव्हरांच्या पत्नीचा हात दाबायचे. त्यांनी तीनदा ऐकलं.

"घरात कवा गुणगुणलं सुदिक न्हाईत," म्हणाल्या, आणि पदरात तोंड लपवून रडू लागल्या.