वहिनीचं नाव मी सांगितलं

मेडिकलवाल्याला वहिनीचं नाव मी सांगितलं होतं.

आज सकाळी वहिनी गेली. घरात सगळे रडतायत आणि मी तेवढंच आठवत बसलेय.

अठ्ठ्याण्णव साली ती लग्न होऊन मढला आमच्या घरी आली, तेव्हा सतरा वर्षांची होती. अकरावी पास.
मी चौदाची. तरी मला मानानं 'वन्सं' म्हणायची.

"बारावी दे," असं दादानं कबूल केलं होतं. पण लगेच मूल झालं की बारावी संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गावातल्या नर्सबाईंकडे गोळ्या फुकट मिळायच्या. वहिनीला त्या म्हणाल्या, "आधी एक लेकरू व्हऊ दे, मंग देते."

मी एसटीनं ओतूरला शाळेत जायचे. म्हणून तिनं चिठ्ठीवर गोळ्यांचं नाव लिहून माझ्याकडे दिलं.

मेडिकलवाला नेमका माझ्या वडलांच्या, आबांच्या ओळखीचा.
"कुणासाठी गं?"

चार गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. गप्प राहिले असते तर त्या गोळ्या माझ्याच ठरल्या असत्या.

"वहिनीसाठी."

बाजाराच्या दिवशी त्यानं ते आबांच्या कानावर घातलं.

आईनं पाकीट चुलीत टाकलं आणि माझ्याकडे वळली. "तुला ठावं व्हतं का गं, कसल्या गोळ्या हायेत?"


वहिनी म्हणाली, "त्यांना न्हाई ठावं. डोकेदुखीच्या म्हणून सांगितलं व्हतं म्या."

माझी शाळा वाचली. तिला मात्र पाण्याला जायलाही कुणी एकटं सोडेना.

दादा गप्प. (दादा, तू हे वाचशील. वाच.)

बारावीच्या परीक्षेच्या वेळी तिला सातवा महिना होता. फॉर्म कुणी भरूच दिला नव्हता.

पुढं मी नोकरीला पुण्याला निघाले, तेव्हा स्टँडवर तिची माफी मागितली.
"वन्सं, तुमच्यावर आलं असतं तर तुमची शाळा गेली असती. एकीची तरी राहिली."

लई मोठ्या मनाची. मला ते आजही गिळवत नाही. एकीचीच का, वहिनी?

मी बारावी दिली ती तिच्याच पुस्तकांवर. माहेराहून ट्रंकेत आणलेली. पहिल्या पानावर तिचं नाव, पुढं 'इयत्ता बारावी'.
वर्षभर त्यातून अभ्यास केला, पण तिथं माझं नाव लिहायचा धीर झाला नाही.

चुकले गं वहिनी. पदरात घे.