पाऊण बोट पाणी

जळगावचा उन्हाळा पाणी बघता बघता उडवून नेतो. आमच्या हॉलमधला फिशटँक तीन फुटी, वरून उघडा. मे महिन्यात त्यातलं पाणी दिवसाला पाऊण बोट उतरायचं. पाणी हवेत उडतं एवढं मला शाळेपासून माहीत होतं, तरी ते नक्की कुठे जात असेल याचा विचार मी संध्याकाळी धुळ्यात गच्चीवर पडल्या पडल्या करत बसायचे. वाटायचं, वाऱ्याला काय अवघड आहे, एरंडोल-पारोळा करत ते इथवरही येत असेल. अंगाखालची फरशी तापलेली असायची आणि आभाळ इतकं कोरडं, की माझी ही समजूत माझीच मला हास्यास्पद वाटायची. पण बरीही वाटायची.

धुळ्याला माझी बदली झाली होती. सोमवारी सकाळच्या एसटीने जायचं, शुक्रवारी संध्याकाळी परतायचं, मधले दिवस एका भाड्याच्या खोलीत. घरी आमचे हे एकटे. यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणजे शेतातले जळालेले पंप घेऊन लोक येतात आणि हे त्यांच्या पोटातली तांब्याची तार नव्याने गुंडाळतात. बोलायचं काम तसं नसतंच. दुकानात नाही, आणि घरीही नाही. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मला वाटायचं, यांना माझा राग आलाय. मग कळलं की हा माणूस सणासुदीलाही असाच असतो, आणि मी दोघांच्या वाटचं बोलायला शिकले.

फोनवर मात्र माझी पंचाईत झाली. समोर असले की निदान मान हलवलेली दिसते. फोनवर मान हलत नाही. "जेवलात का?" "हो." "दुकान?" "चालू." झालं, संपलं. म्हणून एकदा मी सुचेल ते विचारलं, "टँकचं पाणी किती उतरलं?"

हे उठले. चपलांचा आवाज आला, मग काचेवर बोट टेकवल्याचा. "पाऊण बोट," म्हणाले. "कडेला पांढरं धरलंय. मोठा एंजल मासा आज फिल्टरच्या मागेच आहे, लहान त्याला तिकडून येऊ देत नाही." एवढं लांबलचक बोलणं यांच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच विचारलं. मग रोजचंच झालं. फिल्टरमधून टँकमध्ये पाण्याची धार पडते. पाणी जितकं खाली, तितका तिचा आवाज मोठा. हे टँकजवळ उभे राहून बोलायचे आणि मला मागे ती धार ऐकू यायची. डोळे मिटले की मी आमच्या हॉलमध्ये असायचे. आवाजावरून मी पाणी किती उतरलंय ते आधीच ओळखायचे, आणि तरी विचारायचे.

असंच चाललं असतं, पण आमच्याकडची एक सवय आड आली. खान्देशात कूलर कुणाचा एकट्याचा नसतो. जो उठेल त्याने जाता येता त्यात तांब्याभर पाणी टाकायचं, पाहुण्यानेसुद्धा. हे दुकानात गेले की शेजारच्या अक्का आमच्या घरी कूलरच्या गारव्याला येऊन पडत. किल्ली त्यांच्याकडेच असते. त्यांनी कूलरमध्ये तांब्या ओतला, आणि बाजूचं पाणीही उतरलेलं दिसलं म्हणून टँकमध्येही ओतला. धुणंभांडीवाल्या बाईंनी ओतला. संध्याकाळी येऊन यांनी ओतला. सगळं बोअरचं, जड, खारं पाणी. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, आणि वर पुन्हा क्षारांचंच पाणी. एका शुक्रवारी मी घरी आले तर टँक काठोकाठ भरलेला, खालच्या कपाटाच्या फळ्या फुगलेल्या, आणि दोन्ही एंजल कोपऱ्यात कलते होऊन नुसते कल्ले हलवत होते.

"अक्का, तुम्ही टाकलं का पाणी?"

"मी बी टाकं ना व माय एक तांब्या," अक्का म्हणाल्या. "इतलं तपी ऱ्हायनं, मासास्ले तीस नही लागत का?"

माशांना तहान लागते म्हणून प्रेमाने पाणी पाजणाऱ्या बाईवर रागवायचं कसं? मला हसूच आलं. शनिवार-रविवार मी थोडं थोडं पाणी बदलत राहिले. रविवारी दुपारी मासे सरळ झाले. तेव्हाच मी ठरवलं, पाणी आपोआप भरणारं काहीतरी बसवायचं, आणि तांब्यावाल्यांना हात जोडायचे.

"ऑटो नको," हे म्हणाले. यांचं ऑटोशी जुनं वैर. शेतकरी पंपाला आपोआप चालू करणारा ऑटो स्विच लावून निवांत झोपतात, वीज आली की पंप कोरडाच सुरू होतो आणि सकाळी यांच्या बाकावर येतो. "ऑटो म्हणजे जळालेली मोटर," एवढं बोलून यांनी विषय मिटवला. मी मिटवला नाही. मी पण हट्टी आहे.

धुळ्यात ऑफिस सुटल्यावर मी एका माशांच्या दुकानात जाऊ लागले. आत अंधार, ओलसर वास, आणि चारी भिंतींना निळे उजेड. बाहेर रस्ता भाजत असायचा आणि इथे सगळं सावकाश हलायचं. दुकानदार चाचा मला रोज एकेक प्रकार काढून दाखवत. एकात काचेला चिकटवायचा डोळा आणि छोटा पंप. डोळ्याला पाणी दिसलं नाही की पंप सुरू. दुसरी उलटी बाटली, चिमण्यांना पाणी ठेवतो तशी. तोंड उघडं पडलं की तेवढंच पाणी सुटतं. तिसरा साधा तरंगता बॉल; पाणी उतरलं की बॉल उतरतो आणि नळी उघडते. घ्यायचं काय हे मला पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं. तरी मी आठवडाभर जात राहिले. त्या निळ्या उजेडात उभं राहिलं की घरी गेल्यासारखं वाटायचं.

फोनवर मी यांना तिन्ही प्रकार सांगितले. डोळा यांनी लगेच बाद केला. वीज गेली-आली की त्याचं डोकं फिरणार. बाटली लहान, आठवडा निघायचा नाही. बॉलवर मात्र हे विचार करत राहिले. "बॉल चालेल," शेवटी म्हणाले. "पण गच्चीवरच्या टाकीला जोडायचा नाही. क्षार धरून अडकला तर सगळी टाकी घरात येईल. वीस लिटरचा जार वर ठेवू, आरओचं पाणी भरून. अडकला तरी जारभरच सांडेल." मी खूश झाले. रविवारी यांनी भिंतीला लोखंडी फळी मारली, जार ठेवला, नळी ओढली, बॉल बसवला. मी एक वाटी पाणी काढून पाहिलं. बॉल हळूच खाली गेला, थेंब थेंब पाणी आलं, बॉल वर आला आणि थेंब थांबले. आम्ही दोघं बराच वेळ नुसतं ते बघत बसलो. अक्काही आल्या, तांब्या हातात घेऊनच, आणि जरा नाराज होऊन गेल्या.

सोमवारी संध्याकाळी मी फोन केला. "पाणी?"

"बरोबर आहे."

मागे धार ऐकू येत नव्हती. पाणी उतरलंच नव्हतं, मग आवाज कुठून येणार? मंगळवारीही "बरोबर आहे". बुधवारी मी विचारलंच नाही. "जेवलात का?" "हो." "दुकान?" "चालू." "ठेवू?" यांनी विचारलं. मी ठेवा म्हटलं आणि गच्चीवर बसून रडले. मासे वाचावेत म्हणून मी इतकी खटपट केली, आणि आमच्या दोघांत बोलायला जी एकच गोष्ट होती ती माझ्या हातानेच बंद करून बसले. एवढा मोठा संसार, आणि तो पाऊण बोट पाण्यावर तरंगत होता हे मला तोवर कळलं नव्हतं.

गुरुवारी मी फोन केलाच नाही. काय विचारणार? चहा गार होत होता. गच्चीच्या कठड्यापलीकडे धुळ्याचे दिवे एकेक लागत होते. तेवढ्यात फोन वाजला. हे कधी आपणहून फोन करत नाहीत, म्हणून माझा जीव घाबरा झाला.

"काय झालं?"

"काही नाही."

मी थांबले. फोन कट झाला की काय म्हणून मी एकदा स्क्रीनकडेही पाहिलं.

"मी हल्ली तुझ्या बाजूला झोपतो," हे म्हणाले. "भिंतीकडेला. तिकडची भिंत गार असते."

ती भिंत पश्चिमेची. दिवसभराचं ऊन खाऊन ती मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते, तिला पाठ लागली तरी भाजतं. लग्न झाल्यापासून मी त्या भिंतीशी झोपत आलेय, मला कोण सांगणार?

"गार असते?" मी विचारलं.



"नाही," हे म्हणाले. "चांगलीच तापते. तरी तिथेच झोपतो."