दुसरी जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, दादाला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ रेटतेय.

घरबसल्या करायची नोकरी होती. एका कंपनीला मराठी आणि कानडी बोलणारी माणसं हवी होती — फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, समजूत काढायची. मी शुक्रवार पेठेतली, बी.कॉम., तेव्हा वय एकतीस, लग्न नाही. अर्जात भाषेच्या रकान्यात 'कानडी — उत्तम' असं ठोकून दिलं. खोटं वाटलंच नाही हो! आमच्या घरी आई कानडीत हाक मारते, आम्ही मराठीत ओ देतो. आमच्या दुकानात गिऱ्हाईक कानडीत भाव विचारतं, दादा मराठीत सांगतो, आणि सौदा बिनबोभाट होतो. कानडीत उत्तर द्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. समजतं म्हणजे येतं, असंच मी धरून चालले होते.

मुलाखतीनं तर जीव खाल्ला. पहिल्या दिवशी पाऊण तास पडद्यावर नुसतं 'कृपया थांबा'. मग एक साहेब आले — कॅमेरा बंद, माझं नाव चुकीचं, आणि बोलता बोलता गायब. दुसऱ्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून तेच. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? कुठे बघणार? ह्याच पलंगावर, उशीवर लॅपटॉप ठेवून! शेजारी यंत्रमाग खडखडत होता, तर म्हणे मागचा आवाज बंद करा. माग काय माझ्या बापाचा आहे? दोनदा तारीख बदलली. आणि मग निरोप — उद्या अकराला कानडीची फेरी, फक्त फोनवर.

सकाळपासून मी घरभर येरझाऱ्या घालत होते. चार वाक्यं पाठ केली, पाचव्याला अडकले. रडकुंडीला आले तशी वैनी — माझ्या दादाची बायको — भाकरीच्या पिठाचे हात धुऊन आली. ती कर्नाटकाच्या सीमेलगतच्या दुधनीची, बारावीपर्यंत कानडी शाळेत शिकलेली.

"द्या हिकडं, ताई. मी बोलते की. आवाजावर काय नाव लिवलंय व्हय?"

वीस मिनिटं बोलली ती, माझ्या नावानं. पलीकडचा माणूस चिडलेलं गिऱ्हाईक झाला होता. ही 'हौद्री, हौद्री' — होय जी, होय जी — करत त्याचं सगळं ऐकून घेत गेली आणि शेवटी त्याला हसवलं. मी शेजारी बसून नखं खात होते. तेव्हा तिला आमच्या घरात येऊन सहा वर्षं झाली होती, पण एवढी खुललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. त्याच संध्याकाळी माझी निवड झाली.

थांबा — मला सांगायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर ती आमची घरातली गंमत होती, वैनी अजून आठवून हसते. मग मी का अडखळतेय?

तिसऱ्या दिवशी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. अभिनंदन केलं. म्हणाल्या, अशीच आणखी एक जागा आहे, बारावी चालेल, काम आम्ही शिकवू — तुमच्यासारखं गोड कानडी बोलणारं घरात, ओळखीत कुणी आहे का?

वैनी माझ्यापासून दोन हातांवर शेंगा फोडत बसली होती. तिनं पूर्वी एकदा कापडाच्या दुकानात कामाला जायचं काढलं होतं. दादा म्हणाला, मग घर कोण बघणार? म्हणजे घर न सोडता करायची नोकरी — एवढीच काय ती तिच्यासाठी शक्य होती, आणि ती नोकरी माझ्या कानाशी बोलत होती.

मी म्हटलं, नाही. कुणी नाही.

तिचा आवाज ओळखतील, माझी नोकरी जाईल — अशी मी पुढे कितीतरी दिवस स्वतःची समजूत घातली. भीती होती, खोटं कशाला बोलू? पण ती नंतर सुचली. 'नाही' म्हणताना डोक्यात एवढंच होतं, की ही माझ्याच घरात, माझंच काम, माझ्यापेक्षा चांगलं करील. ते मला बघवलं नसतं. मी जळले. साधा शब्द आहे, दोन वर्षं तोंडातून निघाला नाही.

फोन ठेवल्यावर वैनीनं विचारलंही.

"आनखी जागा हाय का वो? माज्यासाटी इचारा की."

"भरल्या सगळ्या," मी म्हटलं.

"असू द्या. तुमचं झालं, बास की."

त्यानंतर रोज सकाळी कामावर बसण्याआधी अर्धा तास तिनं मला कानडी शिकवली. कंटाळली नाही. कधी एखादं गिऱ्हाईक फारच तापलं तर मी फोनचा आवाज बंद करून तिच्याकडे बघते, ती हळूच वाक्य सांगते, आणि ते मी माझं म्हणून बोलते.

मागच्या महिन्यात कंपनीनं सगळ्यांसमोर माझ्या कानडीचं कौतुक केलं. वैनीला कोण आनंद झाला! तिनं स्वतः जाऊन पेढे आणले, गल्लीत घरोघरी वाटले, आणि शेवटचा माझ्या तोंडात भरवला. मी तो खाल्ला.