रॉटरडॅमहून विलास

घरात आजारपण आलं की औषधांची पाकिटं साठतात. आमच्याकडे किस्से साठले. पेशंट तिकडे नेदरलँडमध्ये आणि आम्ही इकडे निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतला, द्राक्षांच्या पॅकहाऊसवर. उशाला बसायचं नाही, पाय चेपायचे नाहीत, डबा पोचवायचा नाही. नुसतं फोन धरून बसायचं! आणि रिकामी बसलेली माणसं जे उद्योग करतात, त्याचे किस्सेच होणार, दुसरं काय?

सांगतो. पण मी दमलोय, तेव्हा मागे-पुढे झालं तर चालवून घ्या.

आम्ही चौघे. सुदाम नाना, बागायतदार आणि पॅकहाऊसचे भागीदार. वयाने सगळ्यांत मोठे, हट्टाने त्याहून मोठे. बापू, टेम्पोवाला. मी नाशिक रोडहून रोज अप-डाऊन करून एक्स्पोर्टची कागदपत्रं सांभाळतो. आणि विलास. तो आमच्यातूनच तिकडे गेला. रॉटरडॅमला आपले कंटेनर उतरले की खोके उघडून माल तपासायचा, ही त्याची नोकरी. बायको सुजाता, म्हणजे आमच्या वहिनी, तिकडेच त्याच्यासोबत.

*

बातमी त्याने खोका उघडता उघडताच दिली.

नेहमीसारखा व्हिडिओ कॉल. "नाना, देठ सुकलेत. मणी पण गळालेत बरेच."

यावर नानांचं वर्षानुवर्षांचं उत्तर ठरलेलं. "असं व्हायचंच नाय. फोटो पाठव."

"पाठवतो. अजून एक सांगायचंय. मला कॅन्सर झालाय. स्वादुपिंडाचा. लिव्हरपर्यंत गेलाय."

"असं व्हायचंच नाय! फोटो पाठव!"

सवयीने निघून गेलं हो तोंडातून. नंतर नाना तिथेच क्रेटवर बसले.

आणि त्या येड्याने खरंच फोटो पाठवला! स्कॅनचा. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोबाईलला डोकी लावून बसलो, समोर कॉलवर विलास. नाना एका जागी बोट ठेवून म्हणाले, "बघ, ह्ये तर चांगलं हाय की रे!"

विलास म्हणाला, "नाना, ती किडनी आहे. तिच्याबद्दल कोणाची तक्रारच नाहीये."

*

मग उपाय सुरू झाले. गोमूत्र, गव्हांकुर, कोणाच्या तरी मेव्हण्याला गुण आलेला अंगारा. बापूच्या सासुरवाडीला, सटाण्याकडे, एक वैद्य. बापूने त्यांना धरून कॉन्फरन्सवर घेतलं.

वैद्यबुवांनी आधी विचारलं, "गाव कोणतं शे?"

"रॉटरडॅम," विलास म्हणाला.

"तालुका?"

विलासने आमच्यासमोर अर्धा मिनिट विचार केला, हसला नाही. मग म्हणाला, "निफाडच लिहा."

वैद्यबुवांनी पथ्य सांगितलं. तेल नाही, तिखट नाही, महिनाभर सगळं आळणी खायचं.

"बुवा," विलास म्हणाला, "मी अकरा वर्षं हॉलंडात राहतोय. आळणी खाऊन बरं व्हायचं असतं, तर हा झालाच नसता!"

*

केमो सुरू झाली आणि आमच्या घड्याळाचे काटे तिकडे फिरले. आपली दुपार म्हणजे त्याची सकाळ. रोज दुपारचं जेवण झालं की फोन. त्याचा आला तर छातीत धस्स. नाही आला तर जास्तच धस्स. महिन्यांमागून महिने असं काढलं की माणूस आतून शिळा होतो. खोटं कशाला बोलू?

एकदा मी विचारलं, "काय रे, कसं वाटतंय?"

तो म्हणाला, "तुला कंटाळा आला ना?"

"छे रे! काहीतरीच काय!"

"मला तर जाम आलाय. सुजाताला पण आलाय, ती बोलत नाही. आज कॅन्सरला सुट्टी. विषयच काढायचा नाही."

बरं म्हटलं. आणि मग लक्षात आलं, दुसरं बोलायला काहीच शिल्लक नाही! मी चहा घेत बसलो, तो खिडकीबाहेर बघत बसला. फोन मात्र दोघांनी चालू ठेवला. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "मस्त गप्पा झाल्या."

*

त्याचे केस गेले, तेव्हाची गोष्ट. बापूने कुठेतरी रील बघितलं. मित्राचे केस गेले म्हणून सगळी मित्रमंडळी टक्कल करतात, मग मित्र रडतो, वगैरे. बापूच्या ते डोक्यात बसलं. "आपण पण करायचं!"

नाना म्हणाले, "आरं, आपल्याकडं डोकं कवा करत्यात, कळतंय का?"

ऐकतोय कोण! मी आणि बापू गुळगुळीत होऊन सकाळी मार्केटला हजर.

पहिल्याच माणसाने गाडी थांबवली. "कोण गेलं हो?"

बापू छाती काढून म्हणाला, "कोणी नाही! विलाससाठी केलंय."

झालं! विलास आजारी आहे हे साऱ्या पिंपळगावला ठाऊक. आणि दोन सख्खे मित्र डोकं करून उभे, म्हणतात विलाससाठी. तासाभरात लोकांच्या स्टेटसला हार घातलेला विलास, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. माणसं पांढरे कपडे घालून पॅकहाऊसवर बसायला आली. दुपारी नांदगावहून त्याची मोठी बहीण, शोभाअक्का, जीप करून आली. ती उतरली तीच टाहो फोडत.

मी घाईघाईने फोन लावला. विलास स्क्रीनवर आला, तोंडात टूथब्रश. अक्काने आधी त्याला बघितलं, मग बापूला एक सणसणीत ठेवून दिली. पुढची माझी होती, पण नाना मध्ये पडले.

विलासने सगळं ऐकून घेतलं. चूळ भरली. मग म्हणाला, "आलेल्यांचं जाऊ दे. कोण कोण आलं नाही, तेवढं सांगा."

*

हंगाम संपत आलेला, आणि नानांच्या मनात एकच. पोराला घरची द्राक्षं खाऊ घालायची. कुरिअर, विमान, सगळं सोडून नानांना कंटेनर आठवला. रॉटरडॅमला जाणाऱ्या मालात स्वतः निवडलेल्या घडांचा एक खोका ठेवला, वर मार्करने लिहिलं, 'इलास'. माल त्याच्याच गोदामात उतरणार होता. जहाजाला जायला महिना लागतो, हे आम्हाला काय माहीत नव्हतं? पण प्रेमात माणूस वेडा होतो.

खोका पोचला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पेशी पार खाली. डॉक्टरांनी कच्चं फळ तोंडाला लावायचं नाही म्हणून सांगितलेलं. गोदामातल्या सोबत्याने खोका घरी आणून दिला. विलासने कॉल लावला, मास्क चढवला, हातमोजे घातले आणि वहिनींना म्हणाला, "उघड."

एकेक घड उचलून त्याने नीट बघितला. "देठ हिरवे. रंग एकसारखा. मणी टणक. गळ नाही." आयुष्यात पहिल्यांदा नानांच्या मालाला त्याने नावं ठेवली नाहीत!

"आन् चव?" नानांनी विचारलं.

"चव सुजाता सांगेल."

सुजातावहिनींनी एक मणी तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. विलास म्हणाला, "लिहून घ्या नाना. माल पास."

*

पुढच्या जानेवारीत वहिनींनी मला वेगळा फोन केला. उपचार थांबवले होते. प्रवास करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याला एकदा गावी यायचं होतं, ते राहिलं. "आता दिवस आहेत तितके. भावोजी, तुम्ही फोन बंद करू नका," एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात नानांची बाग काढणीला आली. आमच्याकडे बागेला कात्री लावायच्या आधी जाणत्याने चाखून हो म्हणायचं असतं. विलास इथे होता तोवर ते काम त्याचं. साखर मोजायचं मीटर आल्यावरही त्याच्या जिभेवर लोकांचा विश्वास. तो हॉलंडला गेल्यावर नाना स्वतःच चाखायचे.

त्या दिवशी मजुरांची गँग कात्र्या घेऊन बांधावर उभी. बापूचा टेम्पो लागलेला. आभाळ भरून आलेलं, पाऊस पडला असता तर मणी तडकले असते. मी मीटर लावलं, साखर पुरेपूर. मीटर नानांना दाखवलं. नाना म्हणाले, "इलासला लाव."

वहिनींनी त्याच्या उशीला फोन टेकवला. चेहरा नुसती हाडं. नानांनी एक मणी तोडून तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश चावला. मग दुसरा फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

"बोल इलास. काढू का?"

विलासने मणी नीट न्याहाळला. आवाज अगदी खोल गेला होता. "नाना, अजून चार दिवस थांबा. चार दिवसांनी मला फोन करा. मग सांगतो."

बापूने आभाळाकडे बघितलं. मी मीटरकडे.

नानांनी तोंडातला मणी गिळला आणि गँगकडे वळून ओरडले, "जा रं घरी समदे! साखर कमी हाय!"