बाळगोंडाचा अंगठा

लडाखमधल्या पोस्टिंगवर बर्फ काढणारा डोझर चालू ठेवणं हे आमचं काम. मी हवालदार, मेकॅनिक. जोडीला नाईक बाळगोंडा, शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याचा पोरगा. दोघंही डिझेल शिकलो ते घरच्या पाणी उपसायच्या इंजिनावर. तिथं गळती शोधायची म्हणजे पाईपवर बोट फिरवायचं. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी ओरडून सांगितलं होतं, इंजेक्टरच्या लाईनला, म्हणजे दाबानं डिझेल नेणाऱ्या नळीला, हात नाही, आधी इंजिन बंद करा. पण जुनी खोड!

सकाळी ०९४० ला डोझर मिसिंग करायला, अडखळायला लागला. पुढं अकरा किलोमीटर रस्ता बर्फाखाली. मी घाईत होतो. म्हणालो, "बाळ्या, हात लावून बघ की, कुठनं डिझेल उडतंय."

त्यानं चालू इंजिनावर अंगठा फिरवला. "आयला, चावलं काय तरी!" रक्ताचा थेंब नाही, मुंगी चावल्याएवढा ठिपका. हसला, इंजिन बंद केलं, नट आवळला. डोझर सुरू झाला.

१४०० ला त्याचा हात कोपरापर्यंत सुजला होता. रेडिओवर डॉक्टरसाहेब आले.

"जखम केवढी? ओव्हर."

"सुईच्या टोकाएवढी, साब. इंजेक्टर लाईनची. ओव्हर."

"डिझेल दाबानं आत गेलंय. हात आत्ता चिरून उघडावा लागेल, नाहीतर विष अंगात पसरेल. ताबडतोब आणा. ओव्हर."

कसं आणणार? हवा खराब, हेलिकॉप्टर उडेना. रस्ता बंद. आम्ही डोझर एक मिनिट थांबवला नाही. बाळगोंडानंच आवळलेल्या नटावर तो चालला होता. मी देवाला शिव्या घातल्या, बर्फाला घातल्या, स्वतःला घातल्या. मध्येच शुद्धीवर येऊन बाळगोंडा विचारायचा, "किती ऱ्हायलं, दादा?" मी म्हणायचो, "आलंच की रं." तिसऱ्या दिवशी ११२० ला रस्ता खुला झाला. बाळगोंडा पहाटेच गेला होता.

आता शिरोली एमआयडीसीत माझं डिझेल पंपाचं वर्कशॉप हाय. इंजिन बंद, प्रेशर उतरलेलं, मगच पाना. गळती बघायची तर लांबून पुठ्ठा धरायचा, उडणारं डिझेल त्यावर दिसतं. आणि टोचलंच तर दुखायची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. गिऱ्हाईक हसतंय, "काय पावणं, फौजी असून डिझेलला भ्याताय?"

व्हय, भितो.

बाळगोंडा सव्वीस वर्षांचा होता. त्याचे वडील, आण्णा, दर दिवाळीला मला घरी बोलावतात, पोराच्या फोटोशेजारी बसवून जेवू घालतात. "तू शेवटपर्यंत त्याच्याजवळ हुतास," म्हणतात. हात लाव म्हणून कुणी सांगितलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही अजून सांगितलेलं नाही.